दोन स्पीकरांच्या मधोमध गायक बसवताना

स्टिरिओवर गाणे लावावे, डोळे मिटावेत आणि गायक कुठे बसला आहे ते बोटाने दाखवावे. बोट दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्षात काहीच ठेवलेले नाही अशा जागेकडे गेले, तर मांडणी जमली असे समजावे. ते एका बाजूला झुकले, ताना सुरू झाल्या की जागा बदलू लागले किंवा ‘इथून तिथपर्यंत सगळीकडून येतोय’ असा हात फिरवावा लागला, तर अजून काम बाकी आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी पहिली दोन वर्षे प्रत्येक गायक डाव्या भिंतीशेजारच्या काचेच्या शोकेसच्या बाजूने गात असे. त्या दोन वर्षांत मी अॅम्प्लिफायर बदलला, वायर बदलली आणि स्पीकरही जवळजवळ विकायला काढले होते. शेवटी गायकाला मध्यावर आणून बसवले ते शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या लाइनदोरीने आणि माळ्यावर पडलेल्या दोन कापसाच्या गाद्यांनी.

या लेखात त्याच क्रमाने सांगतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण भिंतीवर काही लावण्याआधी स्पीकर जागेवर आले पाहिजेत, आणि स्पीकर हलवण्याआधी दोन्ही स्पीकर एकाच दिशेने धक्का देत आहेत याची खात्री झाली पाहिजे.

मध्यावरचा गायक हा भास असतो

दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज, त्याच क्षणी आणि तितक्याच जोराने कानांवर आला की मेंदू दोन वेगळे स्रोत मानत नाही. तो मध्यावर एकच स्रोत कल्पितो. आवाज कुठून येतो हे ओळखण्यासाठी आपण मुख्यतः दोन गोष्टी वापरतो: दोन कानांशी आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक आणि त्याच्या जोरातला फरक. साधारण १५०० हर्ट्झच्या (सेकंदाला १५०० कंपनांच्या) खाली वेळेचा फरक अधिक उपयोगी पडतो, तर त्याच्या वर डोक्याची सावली पडून निर्माण होणारा जोराचा फरक अधिक बोलतो. आवाज अगदी बाजूने आला तरी डोक्याच्या रुंदीमुळे पडणारा वेळेचा फरक ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांपलीकडे जात नाही, म्हणजे आपला कान एका मिलिसेकंदाच्याही भागांत हिशेब करतो. अॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये दोन स्पीकरांतून असे ध्वनिचित्र उभे करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि स्टिरिओ तबकड्या सर्रास बाजारात यायला १९५८ साल उजाडले.

आता हाच हिशेब घरात लावून पाहा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला त्याला ०.९ मिलिसेकंद लागतो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा फूटभर जवळ असेल, तर तेवढ्या फरकाने मध्यावरचा गायक जवळजवळ पूर्णपणे त्या स्पीकरात जाऊन बसतो. एका इंचाचा फरक ०.०७ मिलिसेकंदांचा, तेवढ्यानेही तो किंचित सरकतो, आणि सवयीच्या कानाला ते कळते. ‘अंदाजे ठेवले आहेत’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

आधी वायरी

दोन्ही स्पीकरांच्या लाल-काळ्या टोकांपैकी एका स्पीकरची अदलाबदल झाली असेल, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मग खालचे स्वर पातळ होतात, मध्यावरचा आवाज विरून जातो, आणि काही लोकांना ते ऐकून ‘काय पसरट आवाज आहे!’ असे कौतुकही वाटते. माझ्याकडे एका दुकानातून स्पीकर बसवायला आलेल्या मुलाने ही चूक केली होती. शिवाय दोन्ही स्पीकर छताच्या कोपऱ्यात, मंगल कार्यालयात लावतात तसे, ब्रॅकेटवर तिरके टांगून दिले होते. मी आठ महिने त्याच आवाजावर समाधानी होतो, हे सांगायला संकोच वाटतो.

तपासणी सोपी आहे. अॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी त्याच्यापासून सोडवाव्यात आणि त्यांच्या मोकळ्या टोकांना दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक लाल वायरीला आणि ऋण टोक काळ्या वायरीला लागले की वूफरचा, म्हणजे खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या भोंग्याचा, पडदा किंचित बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच दिशेने हलले म्हणजे झाले. ज्या स्पीकरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो त्यांना सेल लावू नये. त्यांच्यासाठी दोन्ही स्पीकर फूटभर अंतरावर समोरासमोर ठेवावेत आणि मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत तोच असलेला, आवाज लावून ऐकावे. डग्गा जवळजवळ नाहीसा झाला, तर जोडणीत कुठेतरी उलटापालट झालेली आहे.

मध्यरेषा

माझा हॉल १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. खालचे सगळे आकडे याच खोलीचे आहेत; आपापल्या खोलीला ते त्याच रीतीने लावावेत.

स्पीकर शक्यतो आखूड भिंतीसमोर ठेवावेत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मागे मोकळी जागा उरते. त्या भिंतीचा मध्य मोजून खडूने खूण करावी. मागच्या भिंतीचाही मध्य काढावा आणि दोन्हींमध्ये लाइनदोरी ताणावी. इथे बहुतेकांची फसगत होते ती खोली काटकोनात असल्याचे गृहीत धरल्याने. गवंडी पाया आखताना ३-४-५ चा गुण्या धरतात, तसाच इथेही धरावा: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण केली, तर त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. माझ्या हॉलचा एक कोपरा दीड इंचाने चुकला होता. त्यामुळे भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवलेले दोन स्पीकर माझ्या खुर्चीपासून सारख्या अंतरावर नव्हते, आणि मी मात्र भिंतीपासूनच मोजत राहिलो होतो. भिंत साक्षीला घेऊ नये. खुर्चीवर डोके जिथे येते तिथे ओळंबा सोडावा, त्या बिंदूपासून दोन्ही ट्वीटरपर्यंत (वरचे स्वर देणाऱ्या लहान भोंग्यांपर्यंत) न ताणणाऱ्या दोरीने मोजावे आणि फरक पाव इंचाच्या आत आणावा.

सुरुवात समभुज त्रिकोणाने करावी: दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच प्रत्येक स्पीकर आणि डोके यांच्यामध्ये. त्यातून स्पीकरांचा कोन ६० अंशांचा होतो. माझ्याकडे हे अंतर ६ फूट आहे. त्याहून लहान खोलीत ५ फुटांवरही चांगले चित्र उभे राहते. लहान खोलीत जवळ बसून ऐकण्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही, उलट जवळ बसल्याने स्पीकरचा थेट आवाज भिंतींच्या आवाजावर मात करतो.

समभुज त्रिकोण हा नियम नसून सुरुवात आहे. एकट्या आवाजाचे, शक्यतो मोनो, ध्वनिमुद्रण लावून स्पीकर एका वेळी तीन-तीन इंच बाहेर सरकवावेत. एका टप्प्यावर मध्यावरचा आवाज पातळ होतो आणि मधोमध पोकळी पडल्यासारखे वाटते. तिथून तीन इंच परत आत यावे. प्रत्येक वेळी दोन्ही स्पीकर सारखेच सरकवावेत, आणि खुर्ची हलली असेल तर दोरी पुन्हा लावावी.

भिंतींपासून किती दूर

स्पीकरमागच्या भिंतीवर आपटून परत येणारा खालचा स्वर थेट स्वराच्या नेमका विरुद्ध पडला, तर तो स्वरच गळतो. हे ज्या कंपनसंख्येला घडते ती काढण्यासाठी ३४३ ला अंतराच्या चौपटीने, अंतर मीटरमध्ये धरून, भागावे. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून १ फुटावर असेल तर हा खड्डा सुमारे २८० हर्ट्झला पडतो, २ फुटांवर १४० ला आणि ३ फुटांवर ९४ ला. पुरुष गायकाच्या आवाजाचा कणा १०० ते ३०० हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे फूटभर अंतर त्रासाचे ठरते, आणि नेमके तेच आपल्या घरांत सर्वाधिक आढळते, कारण शोकेसची खोलीच तेवढी असते. ३ फूट जमले तर उत्तम. न जमल्यास स्पीकर भिंतीला जवळजवळ चिकटवून ठेवावेत, म्हणजे खड्डा वर सरकतो आणि कमी खुपतो. तेव्हा डग्गा मात्र फुगतो, आणि मागच्या बाजूला भोक असलेल्या स्पीकरांना हे मुळीच मानवत नाही.

वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन अशी तिन्ही अंतरे एकसारखी येऊ देऊ नयेत, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच ठिकाणी पडून तो स्वर पार बुडतो. माझ्याकडे ही अंतरे अनुक्रमे ३६, ३० आणि २५ इंच आहेत.

ऐकणाऱ्याची जागा खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर नसावी, आणि पाठ भिंतीला टेकलेली तर मुळीच नसावी. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करावी, असा एक अनुभवाचा आडाखा आहे. १४ फुटांत ते ५ फूट ४ इंच येते. माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून ५ फूट १० इंचांवर स्थिरावली. दिवाणावर भिंतीला टेकून ऐकायची सवय मोडायला घरातल्यांना मात्र वेळ लागला.

कानाची उंची आणि बैठक

ट्वीटर कानाच्या उंचीला यावा, हे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते. आपल्याकडे शास्त्रीय संगीत ऐकणारे अनेक जण खाली गादी-लोडावर बसतात, हे मात्र त्यात कोणी धरत नाही. खुर्चीत बसल्यावर माझे कान जमिनीपासून ३८ इंचांवर येतात आणि मांडी घालून बसल्यावर ३० इंचांवर. खुर्चीसाठी घेतलेल्या स्टँडवरचे स्पीकर बैठकीतून ऐकले, तर ट्वीटर डोक्यावरून बोलतो आणि ट्वीटर-वूफर जिथे एकमेकांना मिळतात त्या पट्टीत आवाज कमी-जास्त होतो. ज्यांना खालीच बसायचे आहे त्यांनी स्टँड आखूड करून घ्यावेत किंवा स्पीकरच्या पुढच्या कडेखाली पाचर देऊन पाठीवर थोडे उताणे न करता, मागच्या कडेखाली पाचर देऊन ट्वीटरचा रोख कानाकडे खाली आणावा. स्टँड जड असावेत. लोखंडी पोकळ स्टँडमध्ये धुऊन कडक उन्हात वाळवलेली नदीची वाळू भरली की ते ठणठणत नाहीत. ओली वाळू भरू नये. माझा एक स्टँड आतून गंजला तो तेवढ्याच घाईने.

स्पीकर वळवणे

दोन्ही स्पीकर आधी असे वळवावेत की त्यांचे रोख डोक्याच्या मागे अर्ध्या फुटावर एकमेकांना छेदतील. मग मोनो आवाज ऐकत मागची कड अर्ध्या-अर्ध्या इंचाने आत आणून रोख बाहेर उघडावा. आत वळलेले स्पीकर मध्यावरच्या आवाजाला घट्ट आणि अरुंद करतात, शिवाय बाजूच्या भिंतीवर वरचे स्वर कमी पडतात; बाहेर उघडले की ध्वनिचित्राचा मंच रुंद होतो, पण गायकाचे तोंड मोठे होत जाते. गायकाचे तोंड सहा फूट रुंद वाटू लागले की मी आत वळवतो. हा भाग रुचीचा आहे, फक्त दोन्ही बाजूंचा कोन सारखा हवा. तो तपासण्यासाठी प्रत्येक स्पीकरच्या माथ्यावर सरळ पट्टी ठेवून तिच्या रेषेत दोरी धरावी आणि ती मागच्या भिंतीवर कुठे टेकते ते पाहावे. मध्यरेषेपासून दोन्ही टेकलेले बिंदू सारख्याच अंतरावर आले पाहिजेत.

आरसा घेऊन फिरणारा माणूस

आता खोलीकडे वळावे. मोकळ्या हॉलमध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागून ‘ट्रर्र’ अशी थरथर आली, तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. सांगली-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत, मातीच्या ओबडधोबड भिंती आणि लाकडी तुळयांचे माळवद यांच्याखाली ही थरथर क्वचितच भेटते. नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्स, पुट्टी मारलेल्या भिंती आणि सरकत्या काचा तिला जन्म देतात. उलट टोक पाहायचे असेल, तर मार्केट यार्डातल्या हळदीच्या भरलेल्या गोदामात पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उभे राहून बोलावे. शब्द ओठांपुढे खाली पडल्यासारखा वाटतो. गाणे ऐकायची खोली या दोन टोकांच्या मध्ये असावी.

ध्वनिचित्र बिघडवतात ती मुख्यतः पहिली परावर्तने. माझ्या मांडणीत स्पीकरपासून कानापर्यंतचा थेट मार्ग ६ फुटांचा आहे आणि बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा सुमारे साडेनऊ फुटांचा. म्हणजे आपटलेला आवाज साधारण ३ मिलिसेकंद उशिरा येतो. इतक्या थोड्या उशिराने आलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, तो मूळ आवाजातच मिसळून त्याची जागा आणि रंग पुसट करतो. आवाजांचे परीक्षण करण्याच्या खोल्यांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस आहे, तिच्यानुसार पहिल्या १५ मिलिसेकंदांतली परावर्तने थेट आवाजाहून किमान १० डेसिबलने खाली असावीत. घरात तेवढे तंतोतंत साधेलच असे नाही, पण रोख तोच ठेवावा.

माझा गायक शोकेसकडे का झुकत होता, याचे उत्तर इथे मिळाले. डावीकडे काच आणि साधी भिंत होती, उजवीकडे बाल्कनीचे बहुधा उघडे राहणारे दार आणि जाड पडदा. डाव्या बाजूने कडक परावर्तन येत होते, उजव्या बाजूचे बाल्कनीतून निघून जात होते किंवा पडद्यात जिरत होते, आणि कान जास्त आवाज आलेल्या बाजूला गायक ढकलत होता. अॅम्प्लिफायरवरचा बॅलन्स फिरवून हे सुटत नाही, कारण एकाच वेळी थेट आवाजही कमी-जास्त होतो.

परावर्तनाची जागा शोधायला दोन माणसे लागतात. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे. दुसऱ्याने हातआरसा भिंतीला सपाट टेकवून, कानाच्या उंचीला धरून, भिंतीलगत हळूहळू पुढे न्यावा. बसलेल्याला आरशात जिथे ट्वीटर दिसेल, ती जागा त्या स्पीकरच्या पहिल्या परावर्तनाची. तिथे पेन्सिलीने फुली मारावी. एकेका भिंतीवर दोन्ही स्पीकरांच्या मिळून दोन फुल्या येतात. जवळच्या स्पीकरची फुली आधी हाताळावी. माझ्याकडे ती स्पीकरच्या दर्शनी रेषेपासून सुमारे १ फूट ७ इंच पुढे आली, म्हणजे शोकेसची काच जिथे सुरू होते तिथेच. जमिनीवरचे आणि छतावरचे परावर्तनही याच रीतीने सापडते. जमिनीसाठी स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा पुरतो. छताला मी हात लावलेला नाही. पंख्याची पाती आवाज कापतात ती गोष्ट वेगळी. तानपुऱ्याच्या लांब सुरात ते थरथरणे स्पष्ट ऐकू येते, म्हणून ऐकताना पंखा बंद ठेवतो, आणि मे महिन्यात पहाटे ऐकतो.

काय लावावे

हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ नंतर एका व्याख्यानगृहाचा घुमणारा आवाज आटोक्यात आणण्यासाठी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रातोरात आणून, एकेक वाढवत, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते: खोलीचे घनमीटर गुणिले ०.१६१, भागिले खोलीतले एकूण शोषण, म्हणजे आवाज ६० डेसिबलने विरण्याचा काळ. माझा हॉल सुमारे ४३.६ घनमीटरांचा असून त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर आहे. सगळे मिळून सरासरी ५ टक्के आवाज शोषला जातो असे धरले, तर हा काळ जवळजवळ १.९ सेकंद येतो. गाणे ऐकण्यासाठी तो ०.३ ते ०.५ सेकंदांच्या आसपास हवा. म्हणजे १४ ते २३ चौरस मीटर इतके शोषण हवे, आणि त्यातला मोठा वाटा सोफा, दिवाण, पडदे आणि माणसेच उचलतात.

सॅबाइन यांच्या गाद्यांवरूनच मला माळ्यावरच्या गाद्या आठवल्या. पिंजून भरलेली चार इंचांची कापसाची गादी फुलीच्या जागी उभी केली आणि भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवली, तर ती मध्यम आणि वरचे स्वर चांगले खाते. मागची पोकळी फुकटची असते आणि गादीचा परिणाम आणखी खालच्या स्वरांपर्यंत नेते. आटपाडी-जत भागातली जाड घोंगडी दुहेरी करून टांगली तर वरच्या स्वरांपुरते काम करते. दिसायला सुरेख, पण गादीच्या मानाने पातळ असल्यामुळे आवाजाचा कणा तिच्यातून आरपार जाऊन भिंतीवरून परत येतो. पातळ गोष्टींनी सगळी खोली भरली, तर वरचे स्वर मरतात, खालचे घुमत राहतात आणि गाणे उशीत तोंड खुपसून गायल्यासारखे होते.

कायमचा फलक करायचा असल्यास रॉकवूल, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंची लोकर, घ्यावी. साखर कारखान्यांच्या बॉयलरला गुंडाळतात तीच वस्तू, त्यातली घट्ट पाट्यांच्या रूपातली. दोन फूट बाय चार फूट, तीन-चार इंच जाड पाट्या लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणावे. हाताळताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा, कारण तिचे तंतू त्वचेला आणि घशाला खाजवतात. कापड निवडताना ते ओठांजवळ धरून फुंकर मारावी. हवा सहज आरपार गेली तर आवाजही जाईल. इचलकरंजीचा साधा मांजरपाट या कसोटीला उतरतो, सोफ्याचे रेक्झिन उतरत नाही.

थर्माकोल आणि पीयूएफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम) यांचा मात्र काही उपयोग नाही. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ते भिंतींना असतात म्हणून ‘इन्सुलेशन’ या नावाखाली आवाजासाठीही खपवले जातात. त्यांतले हवेचे कप्पे बंद असल्यामुळे उष्णता अडते, पण आवाजाला आत शिरून जिरायला वाट मिळत नाही. अंड्यांचे ट्रे याच जातीचे, फक्त अधिक कुरूप.

शोकेस हलवता येत नव्हते. मी त्याच्या काचांमागे पुस्तके भरून, ऐकताना काचा सरकवून उघड्या ठेवू लागलो. कमी-अधिक खोलीची पुस्तके आवाज विखुरतात, परत एकाच दिशेला फेकत नाहीत. गादी फुलीवर आली आणि समोरचे बाल्कनीचे दार बंद करून पडदा अर्धा उघडा ठेवला, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींसारख्या झाल्या. दोन स्पीकरांच्या मधल्या टीव्हीवर सोलापुरी चादर टाकली आणि गायक शोकेस सोडून मध्यावर आला. हा बदल मी मोजण्याआधीच पत्नीने स्वयंपाकघरातून येऊन, ‘आज आवाज टीव्हीतून येतोय का?’ असे विचारले.

खालचे स्वर

समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ध्वनीच्या अर्ध्या तरंगाएवढे झाले की तो स्वर खोलीत साचतो. माझ्या खोलीत लांबीमुळे हे ४० हर्ट्झला, रुंदीमुळे ५१ ला आणि उंचीमुळे ५६ ला घडते, आणि त्यांच्या दुपटीच्या, म्हणजे ८० ते ११३ हर्ट्झच्या पट्टीत डग्ग्याचा मुख्य भाग येतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली असेल तर तिन्ही आकडे ५६ वरच येऊन थांबतात, आणि डग्ग्याचा एकच स्वर प्रत्येक मात्रेला ढुम् ढुम् करत गायकाचा खालचा आवाज झाकतो. अशी खोली शक्य असल्यास टाळावी.

कोपऱ्यात गाद्यांच्या वळकट्या जमिनीपासून वरपर्यंत उभ्या रचल्या, तर साधारण १०० हर्ट्झच्या वर त्यांचा फरक जाणवतो. ४० हर्ट्झचा तरंग सुमारे साडेआठ मीटरांचा असतो. त्याच्यापुढे गादी म्हणजे काहीच नाही. तिथे खुर्ची सहा-सहा इंच पुढे-मागे करून सर्वांत सपाट जागा शोधणे हाच स्वस्त आणि खरा उपाय आहे. खुर्ची हलली की त्रिकोण पुन्हा दोरीने मोजावा लागतो, हे कंटाळवाणे असले तरी टाळू नये. ज्यांना आलेख पाहायचा आहे त्यांनी मोजमापाचा यूएसबी माइक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. माइक डोक्याच्या जागी ठेवावा आणि प्रत्येक स्पीकर वेगळा मोजावा. दोन्ही आलेख २०० हर्ट्झच्या वर एकमेकांवर जितके पडतील तितके मध्यावरचे चित्र स्थिर राहते. वैयक्तिकरीत्या मी एका सपाट रेषेपेक्षा या जुळण्याला जास्त किंमत देतो.

कानाची परीक्षा

पहिली परीक्षा मोनो ध्वनिमुद्रणाने घ्यावी. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या सगळ्या तबकड्या स्टिरिओपूर्वीच्या, मोनो आहेत. अशा तबकडीत डावे-उजवे असे काही नसते, त्यामुळे आवाज, साथ आणि तबकडीची खरखरसुद्धा मध्यावरच्या एका अरुंद पट्टीतून आली पाहिजे. खरखर दोन्ही स्पीकरांत पसरली, तर नंतरच्या कोणीतरी कृत्रिम स्टिरिओ केलेली प्रत आपल्या हाती लागली आहे, किंवा मांडणीत खोट आहे. दुसरी मोनो तबकडी लावली की दोन्हींतले काय ते कळते.

मग स्टिरिओ मैफल लावावी. तबला एका बाजूला, हार्मोनिअम किंवा सारंगी दुसऱ्या बाजूला आणि मागे तानपुऱ्यांचा पडदा असे चित्र बहुधा मिळते. पट्टी बदलली की वाद्य जागा बदलते का, हे ऐकावे. हार्मोनिअमचे खालचे सूर उजवीकडे आणि वरचे मध्याकडे येत असतील, तर दोन बाजूंच्या परावर्तनांत अजून फरक आहे. आरसा पुन्हा फिरवावा. तानपुऱ्याबद्दल एक सूचना: मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात चार-पाच फुटांवर बसून एक तानपुरा जरूर ऐकावा. जवारीचा झणकार सगळ्या खोलीत भरतो, पण वाद्य कुठे आहे हे डोळे मिटूनही नेमके कळते. घरातला तानपुरा भिंतीपासून भिंतीपर्यंत फुगला असेल, तर ते वैभव नसून बहुतेक वेळा स्पीकर गरजेपेक्षा दूर ठेवल्याचे लक्षण असते, असे माझे मत आहे.

हे सगळे जमल्यावर स्टँडच्या चारही पायांभोवती फरशीवर नेलपॉलिशचे ठिपके द्यावेत, आणि खुर्चीच्या पायांनाही. खडू पहिल्याच पोछ्यात जातो आणि चिकटपट्टी पावसाळ्यात सुटते. फरशी पुसताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत स्टँड हलणारच. आमच्या घरी ते दर रविवारी हलतात, आणि आता माझी धाकटी मुलगी ठिपके बघून ते परत जागेवर ठेवते.